अर्धं सूत

कालव्याच्या दुसऱ्या झडपेपाशी दादाने पिशवी खाली टेकवली आणि म्हणाला, "धाकटे, तुझ्या देवालाही जरा श्वास घेऊ दे."

धाकटीचे ओठ थांबले. चालताना नाम घ्यायची तिची जुनी सवय. पावलागणिक एक नाम घेतलं की वाटही सरते आणि मन इकडेतिकडे धावत नाही. आज मात्र नाम चालू असूनही मन धावत होतं. घरातून निघून तास उलटला होता. पिशवीत लोखंड आहे हे तिला कळत होतं, कारण पिशवीचा एक बंद दादाच्या हातात होता आणि दुसरा तिच्या, लहानपणी दोघं मिळून पाण्याची बादली आणायची तसा. कुठे जायचंय तेही कळत होतं, कारण हा रस्ता कर्नलच्या शेडशिवाय दुसरीकडे जातच नव्हता. कळत नव्हतं ते एवढंच, की ज्याच्या दारात लष्करातले दोन ट्रक धडधाकट उभे आहेत तो माणूस हे ओझं पायी का नेतोय.

"ट्रक काय पूजेला ठेवलेत?" तिने विचारलं.

"ट्रकने गेलं की माणसं ट्रकशी बोलतात. आज त्याने माझ्याशी बोलायला हवंय."

"मग मला कशाला आणलंस?"

"परत येताना लागशील," दादा म्हणाला आणि झडपेच्या कठड्यावर बसला.

धाकटीने साठी ओलांडली होती. पस्तीस वर्षं शाळेत शिकवून ती निवृत्त झाली होती, गावातली निम्मी माणसं तिला बाई म्हणत. पण भावाच्या घरात तिचं नाव धाकटीच राहिलं. दादा तिच्याहून आठ वर्षांनी मोठा. उंच, सडसडीत, उजव्या कानावर पेन्सिल. ती पेन्सिल तो अंघोळीलाच काय ती काढतो, आणि तेव्हाही वहिनीने आठवण केली तर, असं घरात सगळे म्हणत. डाव्या अंगठ्याचं नख मधोमध दुभंगलेलं होतं. लग्नाच्या आदल्या दिवशी त्यावर हातोडी बसली होती, आणि वहिनी अजून म्हणायची, "देवाने तेव्हाच इशारा दिला होता, मलाच कळला नाही."

दादा पंपांच्या कारखान्यात पॅटर्न करायचा. धातू ओतायच्या आधी त्या वस्तूची लाकडी प्रतिमा करावी लागते. ती वाळूत दाबायची, काढून घ्यायची, आणि मागे राहिलेल्या पोकळीत रस ओतायचा. ती लाकडी प्रतिमा म्हणजे पॅटर्न. लोक पंप बघतात, पॅटर्न कुणी बघत नाही. एकतीस वर्षं दादाने असं कुणी न बघणारं काम केलं. मग कारखाना बंद झाला. शेवटच्या दिवशी सगळ्यांनी काही ना काही घरी नेलं. कुणी पंखा नेला, कुणी खुर्ची. दादाने एक पोलादी पट्टी आणली.

त्या पट्टीला घरात लबाड पट्टी म्हणत. तिचा इंच खऱ्या इंचापेक्षा किंचित मोठा होता. कारण ओतलेला धातू थंड होताना आकसतो, म्हणून पॅटर्न तेवढाच वाढवून करावा लागतो. दर वेळी हिशेब करत बसण्यापेक्षा पट्टीच वाढवलेली. आणि धातूधातूचं आकसणंही वेगळं. बिडाला फुटामागे एक सूत, पोलादाला दोन. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. म्हणून पट्टीच्या एका अंगावर बिडाचं माप होतं, दुसऱ्या अंगावर पोलादाचं. एकीकडे छोटं खोटं, दुसरीकडे मोठं खोटं.

"पट्टी खोटं बोलते म्हणून वस्तू खरी निघते," दादा सांगायचा. पण ही गोष्ट त्याने वहिनीला सांगितली तेव्हा उशीर झाला होता. तिने त्याच पट्टीने मोजून पुढच्या खोलीचे पडदे शिवले होते. पडदे वर्षभर जमिनीवर लोळले. कुणी विचारलं की वहिनी म्हणायची, "थंड झाले की आकसतील."

ट्रकचं वेड लागलं ते कारखाना बंद व्हायच्या कितीतरी आधी. आगीच्या बंबांच्या ठाण्यामागे जुन्या लढाईतला एक लष्करी ट्रक कित्येक वर्षं पडून होता. त्याच्या तळातून झाड उगवून टपाच्या वर गेलं होतं. ठाण्याला जागा हवी होती, म्हणून त्याचे तुकडे करायचं ठरलं. दादा सुटीच्या दिवशी तिथे सहज म्हणून गेला आणि स्टिअरिंगचं चाक घेऊन घरी आला. दुसऱ्या आठवड्यात एक दार आणलं.

"आता काय एकेक अवयव आणणार आहात?" वहिनीने विचारलं.

"नाही. बाकीचा सगळा एकदमच येतोय," दादा म्हणाला, आणि खरंच दोन बैलांच्या ताकदीने ओरडणाऱ्या एका क्रेनला लटकून तो ट्रक अंगणात आला. झाड तेवढं ठाण्यात राहिलं. वहिनी आठ दिवस बोलली नाही. नवव्या दिवशी तिने त्या ट्रकच्या टपावर गाद्या वाळत घातल्या. तिच्या परीने तो तिचा होकार होता.

तो ट्रक चालू व्हायला सहा वर्षं लागली. सगळ्यात जास्त वेळ सुट्या भागांनी खाल्ला. ज्या कारखान्याने ते केले तो उरला नव्हता, नकाशे उरले नव्हते, आणि भंगारवाल्यांकडे विचारलं की एकच उत्तर यायचं, नाही मिळत. ते दोन शब्द ऐकले की दादाच्या चेहऱ्यावर दुसऱ्याच्या चेहऱ्यावर जेवण वाढल्यावर येतं तसं काहीतरी यायचं. न मिळणारा भाग तो करायचा. अर्धा तुटका मिळाला तर उरलेला अर्धा ताडून, फोटो मिळाला तर फोटोवरून, काहीच नाही मिळालं तर त्याच्या शेजारचे भाग बघून, मधल्या पोकळीत काय बसत असेल ते ओळखून. एकदा तर संग्रहालयात ठेवलेल्या ट्रकच्या मागच्या दिव्याचं माप घ्यायला तो दोरीखालून सरपटत गाडीखाली गेला. पहारेकऱ्याने पाय धरून बाहेर ओढला. मग त्यांनी धाकटीला शाळेतून बोलावून घेतलं, हा तुमचा भाऊ का म्हणून.

"हो," ती म्हणाली होती. "पण चोर नाही. नुसता मोजतो."

पुढे त्याचं नाव पसरलं. लांबलांबून माणसं तुटके तुकडे घेऊन यायची. दादाचा एक नियम होता. केलेल्या प्रत्येक भागावर, सहज दिसणार नाही अशा जागी, तो पंचने एक बारीक टिंब ठोकायचा. त्याला तो तीळ म्हणायचा. "जुळी भावंडं ओळखायला आया शोधतात ना तीळ," तो सांगायचा. "उद्या माझा तुकडा कुणी अस्सल म्हणून विकला तर मला तरी ओळखता यायला हवा."

आणि नेमकं ते त्यालाच ओळखता आलं नव्हतं. झडपेच्या कठड्यावर बसून दादा धाकटीला आता तेच सांगत होता.

मागच्या आठवड्यात कर्नलने एक लाकडी खोकं पाठवलं होतं. कर्नल म्हणजे लष्करातला नव्हे, दातांचा डॉक्टर. मिशा आणि ताठ पाठ यांमुळे नाव पडलेलं. दवाखाना मुलीकडे सोपवून त्याने जुने लष्करी ट्रक जमवायला घेतले होते, पाच जमवले होते, आणि येत्या रविवारी त्यांतली थोरली, म्हणजे सगळ्यात जुनी आणि सगळ्यात मोठी गाडी, घाट चढवून पलीकडे नेणार होता. मागे त्याचे मित्र बसणार होते, आठ जण. खोक्यात थोरलीच्या मागच्या पाट्यांचा एक ब्रॅकेट होता. गाडीचा मागचा सगळा भार स्प्रिंगच्या पोलादी पाट्यांवर, आणि पाटे चासीला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, धरून ठेवायचं काम या ब्रॅकेटचं. चौदा इंच लांब, ओतीव पोलादाचा, दोन टोकांना दोन कान आणि कानात भोक. सोबत चिठ्ठी होती. अस्सल नमुना आहे, जपा, असेच सोळा हवेत.

"दोन दिवस मी त्याला टेबलावर ठेवून बघत होतो," दादा म्हणाला. "काय काम होतं! गोलाई अशी, की हात फिरवला तर बोटं आपोआप वळावीत. तुझ्या वहिनीला म्हटलं, ऐंशी वर्षांपूर्वी कोण होता बाबा हा, त्याच्या हाताला नमस्कार."

"मग?"

"तिसऱ्या दिवशी माप घ्यायला रंग खरवडला. आतल्या वळणात तीळ."

धाकटी आधी बघत राहिली आणि मग तिला हसू फुटलं. "म्हणजे दोन दिवस..."

"वहिनी तेच म्हणाली. दोन दिवस स्वतःचीच पाठ थोपटत बसलात, हात दुखला असेल, तेल लावून देऊ का."

दादाही हसला, पण त्याचं हसू लवकर संपलं. अठ्ठावीस वर्षांपूर्वी त्याने असे चार ब्रॅकेट एका जुन्या भागांच्या व्यापाऱ्याला करून दिले होते. त्या व्यापाऱ्याने ते अस्सल म्हणून कुणाला तरी विकले, तिथून फिरत फिरत ते कर्नलकडे आले. इथवर ठीक होतं. पण तुकडा आपला निघाल्यावर त्याने तो नव्याने मोजला. जुनी वही काढली, मूळ मापं काढली. रुंदी बरोबर होती, उंची बरोबर होती. लांबी एक सुतापेक्षा थोडी जास्तच कमी भरली. भोकं नंतर चासीच्या मापाने पाडलेली, म्हणून गाडीवर ब्रॅकेट चोख बसला होता. कमी पडलं होतं ते भोकाच्या पलीकडचं मांस. दोन्ही कानांना अर्धं-अर्धं सूत.

"अर्धं सूत म्हणजे किती रे ते," धाकटी म्हणाली. "एवढ्याने काय होतं?"

दादाने पिशवी उघडली. ब्रॅकेटच्या एका कानावर खडूची पांढरी भुकटी होती, आणि त्या पांढऱ्यावर केसाएवढी एक काळी रेघ, भोकापासून काठापर्यंत. "आधी घासलेट लावायचं. फट असेल तर ते आत शिरतं. मग पुसून खडू लावायचा. आत शिरलेलं घासलेट हळूहळू बाहेर येतं आणि जिथे फट आहे तिथे स्वतःच रेघ ओढतं. माझ्या डोळ्यांनी नसती दिसली. डोळ्यांचं तर तुला माहीत आहे."

तिला माहीत होतं. गेल्या वर्षी शस्त्रक्रिया झाली, तरी डावा डोळा काही साथ देत नव्हता.

"हा एक काढून नमुना म्हणून पाठवला, त्या जागी तात्पुरता दुसरा लावलाय," दादा म्हणाला. "बाकीचे तीन थोरलीखालीच आहेत. रविवारी ती घाट चढणार."

धाकटीने बराच वेळ पाण्याकडे बघितलं. झडपेच्या फटीतून पाण्याची एक बारीक धार येत होती आणि तिच्याखाली दगडावर हिरवं शेवाळ धरलं होतं. फोन केला असता तरी चाललं असतं, असं तिच्या मनात आलं. आणि मग आलं की नाही, चाललं नसतं. फोनवर माणूस अर्धंच बोलतो आणि समोरचा अर्धंच ऐकतो. "ऊठ," ती म्हणाली. "ऊन चढायच्या आत पोचू."

पुढच्या वाटेवर तिने नाम घेतलं नाही. एक साधी प्रार्थना तेवढी केली. त्याच्या तोंडून सगळं नीट निघू दे, आणि ऐकणाऱ्याला ऐकायची बुद्धी दे.

कर्नलची शेड म्हणजे पूर्वीचं धान्याचं गोदाम. आत पाच ट्रक ओळीने, नाकं दाराकडे करून उभे. खाली फरशी इतकी स्वच्छ, की दवाखान्याची आठवण यावी. भिंतीवर पाने आकाराप्रमाणे लावलेले, प्रत्येकामागे त्याचीच काळी आकृती रंगवलेली, म्हणजे कुठला पाना जागेवर नाही ते लगेच कळावं. थोरली मधोमध लाकडी ठोकळ्यांवर होती. तिचं पुढचं बंपर चमकत होतं. कर्नल पांढऱ्या डगल्यातच होता आणि दिव्याची काच पुसत होता.

"मिस्त्री! बाईपण? आणि पायी? ट्रकना संपावर पाठवलं काय?" तो खुशीत म्हणाला. "काय म्हणतो नमुना? बघितलंत ना कारागिरी? आता होत नाही हो असं काम."

"झालंय," दादा म्हणाला. "मीच केलंय."

कर्नल हसला. दादा हसला नाही. त्याने पिशवीतून ब्रॅकेट काढला, टेबलावर उलटा ठेवला, आणि दुभंगलेल्या नखाने आतल्या वळणातला तीळ दाखवला. कर्नलने चष्मा लावला, काढला, भिंगाने बघितलं. दात बघायचा त्याचा जुना आरसा होता, तो आत घालून बघितलं.

"एखादं टिंब असतंच कुठेतरी," तो म्हणाला. "माझ्याकडे कागद आहे. अस्सल म्हणून लिहून दिलंय."

"कागदाला तीळ कळत नाही. गाडीखाली आणखी तीन आहेत. मी जाऊन दाखवतो."

एकाहत्तर वर्षांचा दादा पाठीवर झोपून थोरलीखाली सरकला. कर्नलही डगल्यासकट सरकला. बाहेर चार पाय तेवढे दिसत होते, दोन चपलांतले आणि दोन पॉलिश केलेल्या बुटांतले. धाकटी स्टुलावर बसली होती. आतून दादाचा आवाज येत होता, "बॅटरी इकडे. हा बघा. रंग खरवडू का? हा दुसरा." मग कर्नलचा आवाज, अगदी हळू, "हो. आहे."

दोघं बाहेर आले तेव्हा कर्नलच्या पांढऱ्या पाठीवर काळे पट्टे उमटले होते. त्याला ते कळलं नव्हतं आणि कळलं असतं तरी त्या क्षणी त्याने काही केलं नसतं. तो टेबलाच्या कडेला टेकला. "अकरा वर्षं मी लोकांना सांगतोय," तो म्हणाला. "आलेल्या प्रत्येकाला वाकून दाखवतो, बघा, पाट्यांचे ब्रॅकेटसुद्धा अस्सल."

मग दादाने अर्धं सूत सांगितलं. रेघ दाखवली. घाटात, मागे आठ माणसं असताना, वळणावर कान तुटला तर काय होईल ते त्याने सांगितलं नाही, हाताने नुसतं पाट्याचं टोक निसटलेलं दाखवलं. कर्नलने दिव्याचं फडकं टेबलावर टाकलं.

"रविवारचं जाणं रद्द करायचं म्हणता."

"हो."

"तुम्ही बोलला नसता तर सोळा नवे चोख करून दिले असते, जुन्या तिन्हींच्या जागी हळूच बसवलेही असते. कुणाला कळलं असतं?"

"रविवारी गाडीला कळलं असतं," दादा म्हणाला.

कर्नलने पुढचं विचारलं ते रागाने नाही, खरंच जाणून घ्यायचं म्हणून. "पण तुमच्याकडून चूक कशी झाली? एवढा हात तुमचा."

"पट्टी उलटली. बिडाचं अंग वर आलं," दादा म्हणाला. "रुंदी-उंची पोलादाच्या मापाने निघाली, लांबी बिडाच्या. म्हणजे मधेच कधीतरी उलटली. मधे चहा झाला होता."

त्या चहाने धाकटीला आठवण करून दिली.

मे महिन्याची सुटी होती. दादाने स्वतःच्याच चष्म्यावर बसून चष्मा मोडला होता, आणि नवा यायला आठवडा होता. ती तेव्हा पस्तिशीची होती आणि सुटीत दादाकडे राहायला आली होती. दुपारभर दादा रंधा मारायचा आणि ती पट्टी लाकडाला लावून वाचायची. अजून एक सूत. अजून थोडं. हं, बरोबर. वहिनी चहा घेऊन आली, तेव्हा तिने पट्टी भुशात ठेवली. चहा संपल्यावर उचलली. दोन अंगं असतात हे तिला माहीत होतं. दादाने सकाळीच सांगितलं होतं. पण तिला बीड काय नि पोलाद काय, सगळं लोखंडच. तिने जी बाजू वर आली ती वाचली. "चौदा बरोबर," ती म्हणाली होती. आवाज शाळेत उत्तर सांगताना असतो तसा खणखणीत.

तिने तोंड उघडलं. दादाने तिच्याकडे बघितलं नाही. त्याने फक्त तिच्यासमोरची रिकामी पिशवी उचलली आणि घडी घालायला लागला, चौकोनात चौकोन, अगदी सावकाश. ती गप्प राहिली. आणि गप्प राहिल्याबद्दल तिला लगेच लाज वाटली.

कर्नल भिंतीवरच्या पान्यांकडे वळला. मग म्हणाला, "मी एकदा दुसराच दात काढला होता. चांगला, निरोगी दात. क्ष-किरणांचा फोटो उलटा लावला होता मी. तो माणूस अजून रस्त्यात दिसला की मी पलीकडच्या बाजूला जातो."

"त्याला सांगितलंत?" दादाने विचारलं.

"नाही."

मग कर्नलने सगळ्यांना फोन करून रविवारचं रद्द झाल्याचं कळवायला घेतलं. पहिल्याच फोनला तो "गाडीत दोष निघाला" म्हणाला, मग थांबला आणि म्हणाला, "वेळेवर निघाला." दादाने दुसऱ्या एका पॅटर्न करणाऱ्याचं नाव कागदावर लिहून टेबलावर ठेवलं. कर्नलने कान फोनला लावूनच तो कागद वाचला आणि दादाकडे परत सरकवला. फोन संपल्यावर म्हणाला, "सोळा तुम्हीच करा. पण या वेळी तीळ बाहेरच्या बाजूला ठोका. वाकून दाखवायला नको." तो निरोप द्यायला दारापर्यंत आला नाही. त्याची समजूत पुरती पटली नव्हती, आणि दोघांनाही त्यात काही वावगं वाटलं नाही.

परतीच्या वाटेवर पिशवी हलकी होती, तरी धाकटीने तिचा एक बंद धरला. शेड मागे पडली. मग म्हणाली, "दादा, पट्टी माझ्या हातात होती."

"हं."

"तुला केव्हा आठवलं?"

"रुंदी बरोबर आणि लांबी चुकलेली दिसली तेव्हाच. अर्धी मापं नीट आणि अर्धी चुकलेली म्हणजे हात बदललेला नाही, पट्टी बदललेली."

"मग येताना का नाही सांगितलंस?"

"दोनदा सांगायचं नव्हतं. तुझ्यापुढे एक आणि त्याच्यापुढे एक असं झालं असतं."

"पण तू त्याला माझं नावच नाही सांगितलंस. पट्टी उलटली म्हणालास. पट्टी काय आपोआप उलटते?" तिचा आवाज चढला. "तू माझ्यावर पांघरूण घातलंस. मला ते नको आहे. माझी चूक माझ्या नावावर लागू दे. आठ माणसं, दादा."

दादा थांबला. "हे बघ, वाचणाऱ्याने आकडा वाचायचा. कुठलं अंग वर आहे ते बघायचं काम मिस्त्रीचं. मला दिसत नव्हतं, तर मी बोट फिरवून बघायला हवं होतं. बिडाच्या अंगाला कोपऱ्यात खाच आहे, अंधारातही कळते. चहा पिऊन मी हात पुसले आणि बसलो. पांघरूण नाही घातलं. माझं तेवढं माझ्याकडे ठेवलं."

धाकटी चालत राहिली. पस्तीस वर्षं तिने मुलांना सांगितलं होतं, उत्तर आलं की पडताळा घ्या, पडताळ्याशिवाय गुण नाहीत. फळ्यावर स्वतः लिहायची, ताळा, आणि त्याखाली दोन रेघा मारायची. घरी येऊन पट्टी हातात घेतली तेव्हा तिला पडताळा सुचला नव्हता. तिच्या मनात आलं, आपण वर जाऊ तेव्हा देव कुठल्या अंगाने मोजेल? आकसणं धरून, की न धरता? मग तिला वाटलं, धरूनच मोजत असेल. नाहीतर कुणाचंच माप भरायचं नाही.

दुसरी झडप आली. दादा सकाळच्याच जागी कठड्यावर टेकला. ती उभी राहिली.

"मी कर्नलना पत्र लिहीन," ती म्हणाली. "माझ्या अक्षरात. पट्टी मी धरली होती म्हणून."

"लिही. त्याला बरं वाटेल. कदाचित तोही एखादं पत्र लिहील." दादाने कानावरची पेन्सिल काढली, बघितली, पुन्हा ठेवली. "सोळा नगांना पॅटर्न एकच लागतो. पण तो चोख हवा. आणि खरं सांगू, त्या पट्टीवरच्या रेघा आता मला मुंग्यांसारख्या चालताना दिसतात. चष्मा लावला तर मुंग्या मोठ्या होतात, एवढंच. परवा मी वहिनीला म्हटलं, हे शेवटचं काम घेऊच नये."

"ती काय म्हणाली?"

"म्हणाली, मग दिवसभर घरात कुणाची मापं काढणार, माझी?"

धाकटी हसली. दादा मात्र पाण्याकडे बघत होता. त्याने दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले, आणि एखादी वस्तू शेजाऱ्याकडून मागायला माणूस जसा संकोचतो तसा तो जरा संकोचला.

"उद्या सकाळी येशील?" तो म्हणाला. "लांबी घ्यायची आहे. पट्टी तूच वाच. पण चहाच्या आधी."